पैसे माझेच, पण मी तोच का?

आयकराचा रिफंड अडकला की माणसाला एक वेगळीच सवय लागते. सकाळी उठल्यावर व्हॉट्सअॅपच्या आधी आयकराचे पोर्टल उघडायचे, ओटीपी टाकायचा आणि कालचेच वाक्य पुन्हा वाचायचे. आपण कुणाकडे अनुदान मागत नसतो, जास्तीचे कापून घेतलेले आपलेच पैसे परत मागत असतो. तरीही ‘हा मीच’ हे सिद्ध होईपर्यंत ते मिळत नाहीत. पैसे कापताना मात्र एवढी ओळख कुणी विचारलेली नसते. हे असे कसे झाले, ते बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या कड्यावरून पाहिले तर नीट दिसते.

कडा आष्टी तालुक्यात, अहिल्यानगर–बीड रस्त्यावर आहे. १९४८ पर्यंत आष्टी तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचा नगर जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला, तेव्हा तो नगरच्या सावकाराला लागू झाला. हद्दीपलीकडच्या आष्टीच्या सावकाराला नाही. हैदराबादचा आयकर कायदा १३५७ फसलीचा, म्हणजे संस्थान संपता संपता आलेला. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा इथेही लागू झाला.

परताव्याची तरतूद १९२२ च्या कायद्यातही होती. पण ओळख हा तेव्हा कागदाचा आणि माणसाचा मामला होता. करदात्याचे नाव त्या त्या अधिकाऱ्याच्या जनरल इंडेक्स रजिस्टरमध्ये असे आणि त्यातला नंबर हीच त्याची खूण. अधिकारी बदलला किंवा करदाता दुसऱ्या गावी गेला की नंबरही बदले. उशीर तेव्हाही होता, हेलपाटेही होते. फरक एवढाच की शंका कुणाला आहे, हे समजत असे. टेबलापलीकडे एक माणूस बसलेला असे.

मग १९७२ आले. महाराष्ट्रात त्या वर्षाचे नाव काढले की दुष्काळ आठवतो. ऊसतोडीसाठी बीडमधून पश्चिम महाराष्ट्रात जाणारी माणसे त्याआधीही होती, दुष्काळाने ती वाट रुंद केली. आयकराच्या इतिहासातही हेच वर्ष महत्त्वाचे आहे. १ एप्रिल १९७२ पासून कंत्राटदाराचे बिल देतानाच कर कापून घेण्याचे कलम, १९४सी, लागू झाले. पॅन नंबरही त्याच वर्षी आला, सुरुवातीला ऐच्छिक. १९७६ पासून त्याला कायद्याचा आधार मिळाला. आजचा दहा अक्षर-अंकांचा पॅन १९९५ नंतरचा.

या दोन्ही गोष्टी ऊसपट्ट्यात एकत्र येतात. कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याला उचल मिळते, तिच्याशी आयकराचा संबंध सहसा येत नाही. पण तोडणी-वाहतुकीचा करार ज्याच्या नावावर असतो, त्याच्या बिलातून टीडीएस कापला जाऊ शकतो. एक बिल ३०,००० रुपयांच्या वर किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की व्यक्तीसाठी दर एक टक्का. पॅन दिलेला नसेल तर २०१० पासून तो २० टक्के. समजा, कड्याच्या एका ठेकेदाराचे हंगामाचे बिल ४ लाख झाले. पॅन असेल तर ४,००० कापले जातील, नसेल तर ८०,०००. बिल ४ लाखांचे असले तरी डिझेल, टोळीची उचल आणि ट्रॅक्टरचे हप्ते वजा जाता त्याचे खरे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असते. म्हणजे कापलेली जवळजवळ सगळी रक्कम त्याचीच आहे. ती परत मिळवण्यासाठी मात्र त्याला आधी ‘तो’ असावे लागते.

अडचण इथे सुरू होते. आपल्याकडे एका माणसाला दोन-तीन नावे असणे ही फसवणूक नव्हती, रीत होती. शाळेच्या दाखल्यावर बाळासाहेब, सातबाऱ्यावर बाळू, बँकेत आडनाव आधी आणि बापाचे नाव शेवटी. लक्ष्मण रोमन लिपीत लिहिताना कोणी एक्स घालतो, कोणी के-एस-एच. जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी ठरवलेली १ जून. पॅनचे पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. लग्नाआधी पॅन काढलेल्या बाईच्या नंबरात माहेरच्या आडनावाचे अक्षर कायम राहते, आधारवर मात्र सासरचे आडनाव चढलेले असते. गावाला हा माणूस कोण, ही बाई कोण, याची कधीच शंका नसते. संगणकाला असते, कारण तो माणूस ओळखत नाही, अक्षरे जुळवतो.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ज्यांच्याकडे कसलाच कागद नाही त्यांना ओळख मिळावी, असा तेव्हाचा सांगावा होता. १ जुलै २०१७ पासून आयकर कायद्यात पॅन-आधार जोडणी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालातही ती कायम ठेवली. १ मार्च २०१९ पासून परताव्याचे चेक बंद होऊन पैसे फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात जाऊ लागले. आणि ३० जून २०२३ ची मुदत उलटल्यावर न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. निष्क्रिय म्हणजे कापताना पॅन नसल्यासारखा २० टक्के दर आणि परत देताना काहीच नाही. जोडणी करायची तर १,००० रुपये शुल्क, आणि तीही नाव, जन्मतारीख, लिंग जुळले तरच.

या सगळ्यात एक बारीक तरतूद आहे. १९६१ च्या कायद्याने मान्य केले होते की सरकारने परतावा उशिरा दिला तर व्याज द्यावे लागेल. कलम २४४ए प्रमाणे हे व्याज महिन्याला अर्धा टक्का. त्याच कलमात असेही आहे की उशीर करदात्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ वगळायचा. २०२३ च्या नियमांनी पॅन निष्क्रिय असलेला काळही व्याजातून वगळला. म्हणजे नाव न जुळण्याचा दोष कुणाचा, हे आधीच ठरून गेले. अक्षर चुकवणारा गुरुजी असो, नोंदणी केंद्रातला ऑपरेटर असो की लिप्यंतर करणारे सॉफ्टवेअर, उशीर करदात्याच्या खात्यात. पैसे तिजोरीत तसेच पडून असतात, फक्त घड्याळ थांबते.

पडताळणीच नको, असे म्हणता येणार नाही, आणि बीडच्या माणसाने तर नाहीच. बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे याच जिल्ह्यातले प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००५ च्या निकालात न्यायालयाने फसवणूक म्हणजे काय, याची सविस्तर चर्चा केली. खोट्या नावाने पैसे काढणारे असतात. त्यांची झळ खऱ्यांना बसते. अमेरिकेतही ओळख चोरून परतावा लाटण्याचे प्रकार होतात, म्हणून तिथले करखाते पत्र पाठवून ‘हे विवरणपत्र तुम्हीच भरले का’ असे विचारते. तिथल्या २०१५ च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या कामगारांना मिळणाऱ्या खास करसवलतीचे परतावे १५ फेब्रुवारीपूर्वी द्यायला मनाई केली. संशय सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला पैशांची घाई जास्त, त्यालाच बहुधा थांबावे लागते.

कड्यातली घाई पावसाच्या तारखेशी बांधलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपून गाड्या गावी परततात. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस कारखान्याने कळवण्याची मुदत ३१ मे, म्हणजे पूर्ण कपात करदात्याच्या २६एएस मध्ये दिसायला जून उजाडतो. त्यानंतर विवरणपत्र, ३० दिवसांत त्याचे ई-व्हेरिफिकेशन, मग बेंगळुरूच्या केंद्रात प्रक्रिया. सगळे सुरळीत झाले तरी मृगाची पेरणी होऊन गेलेली असते. एक अक्षर अडले तर पुढची उचल उचलायची वेळ येते, म्हणजे आपले पैसे सरकारकडे बिनव्याजी ठेवून मुकादमाने दुसरीकडून व्याजाने काढायचे.

१९६१ चा कायदा बदलून १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा नवा आयकर कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात कलमांचे आकडे बदलले, भाषा सोपी झाली. घरात मोबाइल चालवणारे तुम्हीच असाल, तर यंदा हंगामाला निघण्यापूर्वी वडिलांचा पॅन, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव अक्षर-अक्षर वाचा. चूक त्यांनी केलेली नसेल, पण तिचे व्याज आजच्या नियमांप्रमाणे त्यांच्याच घरून जाते.