मानवीकृत प्रतिपिंड : ट्रॅस्टुझुमॅबच्या घडणीतील एक टप्पा

कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात ट्रॅस्टुझुमॅबचा उल्लेख बहुधा 'उंदराच्या प्रतिपिंडाला मानवी रूप दिले' अशा एका वाक्यात आटोपला जातो. हे रूपांतर पहिल्या प्रयत्नात फसले होते, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात त्या टप्प्याचा मागोवा घेतला आहे.

१९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड निर्माण करणाऱ्या संकरित पेशी तयार केल्या. ही प्रतिपिंडे उंदराची असल्याने रुग्णाच्या शरीराला ती परकी वाटत आणि त्यांच्याविरुद्धच नवी प्रतिपिंडे तयार होत. यावर १९८६ मध्ये केंब्रिजच्याच ग्रेग विंटर व सहकाऱ्यांनी तोड काढली. लक्ष्याला चिकटणारी टोकाची वेटोळी तेवढी उंदराची ठेवायची, उरलेला सांगाडा मानवी घ्यायचा.

याच सुमारास अमेरिकेत हर-२ या जनुकाचा अभ्यास सुरू होता. लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये स्तनाच्या १८९ अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३० टक्के अर्बुदांत या जनुकाच्या जादा प्रती होत्या आणि अशा स्त्रियांत रोग लवकर उलटत होता. (पुढील अभ्यासांत हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास आढळले.) जेनेंटेक कंपनीतील '४डी५' हे उंदराचे प्रतिपिंड हर-२ प्रथिनाला चिकटून अशा पेशींची वाढ रोखत असे.

पॉल कार्टर व सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडाचे मानवीकरण केले व १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. केवळ वेटोळी बसविलेले पहिले रूप हर-२ ला चिकटले. पेशींची वाढ मात्र थांबली नाही. म्हणजे चिकटणे आणि रोखणे या दोन भिन्न गोष्टी ठरल्या. मग रेणूच्या प्रतिकृतीच्या आधारे सांगाड्यातील मोजकी अमिनो आम्ले बदलून आणखी सात रूपे घडविण्यात आली. त्यांपैकी आठव्या क्रमांकाचे रूप पहिल्याच्या २५० पट व मूळ उंदराच्या प्रतिपिंडाच्या ३ पट घट्ट चिकटले आणि वाढ रोखण्यात मूळ प्रतिपिंडाच्या तोडीचे ठरले. शिवाय मानवी सांगाड्यामुळे रोगप्रतिकारक पेशींना ते अधिक प्रभावीपणे कामाला लावू शकले. कार्टर यांनी फसलेले रूपही आकड्यांसह मांडले, हे प्रस्तुत लेखकास त्या शोधनिबंधाचे सर्वांत बोधप्रद अंग वाटते.

सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. ४६९ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ रसायनोपचार घेणाऱ्यांत रोग बळावण्यास ४.६ महिने लागले, तर प्रतिपिंडाची जोड मिळालेल्यांत ७.४ महिने; मध्यम आयुर्मान २०.३ वरून २५.१ महिन्यांवर गेले. चाचणीत फक्त हर-२ चे आधिक्य असलेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. सरसकट निवड झाली असती तर हा फरक बहुधा झाकोळला गेला असता. त्याची किंमतही होती. अँथ्रासायक्लीन व सायक्लोफॉस्फमाइड यांसोबत हे औषध घेतलेल्या २७ टक्के स्त्रियांत हृदयाच्या कार्यात बिघाड आढळला.

भारतीय रुग्णांपुढे प्रश्न होता तो खर्चाचा. २०१३ मध्ये बंगळूरच्या बायोकॉन कंपनीच्या समरूप औषधाला भारतात मान्यता मिळाली, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रॅस्टुझुमॅबचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.