अक्कलकोट : एका लहान राज्याची ओळख

मोठ्या राष्ट्रांना ओळख करून द्यावी लागत नाहीं. त्यांचीं नांवें नकाशावर ठळक अक्षरांत छापलेलीं असतात. लहान देशांचें तसें नसतें. ते मोठ्या शेजाऱ्याच्या सावलींत वावरतात, आणि त्यांच्याकडे येणारा पाहुणाहि बहुधा कांहीं निराळेंच पाहावयास आलेला असतो. ब्रिटनच्या पश्चिमेस वसलेला वेल्स हा केल्टिक लोकांचा देश या प्रकारचें चांगलें उदाहरण आहे. क्षेत्रफळानें तो सोलापूर जिल्ह्याच्या जेमतेम दीडपट भरेल. इ. स. १५३६ च्या कायद्यानें इंग्लंडनें त्याला आपल्यांत सामावून घेतलें आणि तेथील न्यायालयांत इंग्रजीच चालेल असें ठरवून टाकलें. तरीहि २०२१ च्या खानेसुमारींत तेथील पांच लाखांहून अधिक लोकांनीं आपणांस वेल्श भाषा येते अशी नोंद केली. राज्य गेलें, पण देश राहिला.

सोलापूरकरांना असा देश पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. शहरापासून आग्नेयेस सुमारें चाळीस किलोमीटर गेलें कीं अक्कलकोट लागतें. दररोज हजारों यात्रेकरू तेथें जातात, स्वामी समर्थांचें दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनें परततात. आपण एका जुन्या राज्याच्या राजधानींत जाऊन आलों, हें त्यांतील फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. आज हा सोलापूर जिल्ह्याचा एक तालुका आहे. १९४८ पर्यंत येथें राजा होता, दरबार होता आणि राज्याची स्वतःची सरहद्द होती.

राज्य मोठें नव्हतें. त्याचा विस्तार सुमारें पांचशें चौरस मैल, आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें लोकसंख्या ब्याऐंशी हजारांच्या घरांत. मुख्य मुलूख सलग असला तरी पिलीव व कुर्ला हीं ठाणीं दूर सातारच्या बाजूला तुटक पडलेलीं होतीं. भूमि काळी व सपाट, मुख्य पीक ज्वारीचें. मधून बोरी नदी वाहते आणि पुढें भीमेला मिळते. डोंगर नाहींत, घाट नाहीं, अरण्य नाहीं. निसर्गानें या मुलुखाला शेजाऱ्यांपासून वेगळें करणारी कोणतीच भिंत घातलेली नाहीं. तो वेगळा झाला तो इतिहासामुळें.

त्या इतिहासाचा आरंभ येथून पुष्कळ दूर, मराठवाड्यांतील पारद या गांवीं झाला. इ. स. १७०७ मध्यें औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून स्वराज्याकडे निघाले. वाटेंत पारदच्या लोखंडे पाटलांनीं त्यांना अडविलें. चकमक झाली आणि तींत पाटील पडले. तेव्हां त्यांची विधवा आपल्या लहानग्या मुलाला घेऊन पुढें आली आणि तिनें त्याला शाहूंच्या पायांवर घातलें. परत येतांना मिळालेला हा पहिला विजय. म्हणून शाहूंनीं त्या राणोजीचें नांव फत्तेसिंह ठेविलें, त्याला आपलें भोसले हें आडनांव दिलें आणि पुत्राप्रमाणें वाढविलें. ज्याच्या बापाला रणांत मारलें त्याच्याच मुलाला घरांत घेणें ही गोष्ट दयेची होती. शहाणपणाचीहि होती, कारण शाहूंना तेव्हां शत्रु कमी आणि माणसें अधिक हवीं होतीं. अक्कलकोटचा मुलूख पुढें या फत्तेसिंहास मिळाला.

फत्तेसिंह भोसले हे नांवापुरते सरदार नव्हते. १७२५ ते १७२७ या काळांत कर्नाटकावर ज्या दोन स्वाऱ्या झाल्या, त्यांत बाजीराव पेशवे असतांनाहि सेनेचें नायकत्व फत्तेसिंहांकडे होतें. १७४० मध्यें नागपुरचे रघूजी भोसले यांच्यासह ते पुनः दक्षिणेंत उतरले. त्या मोहिमेंत अर्काटचा नबाब दोस्तअली ठार झाला, आणि पुढच्या वर्षीं त्रिचनापल्ली घेऊन मराठ्यांनीं चंदासाहेबास कैद केलें. परंतु या पराक्रमांतून अक्कलकोटचा विस्तार झाला नाहीं. पेशवे, शिंदे, होळकर व गायकवाड हे राज्यें मिळवीत गेले. फत्तेसिंह सातारच्या छत्रपतींचे घरचे माणूस राहिले. १७६० मध्यें त्यांचें निधन झालें तेव्हां त्यांचें राज्य जवळजवळ आरंभीं होतें तेवढेंच होतें.

छत्रपतींशीं असलेलें हें नातें राज्याच्या पुढील नशिबालाहि कारण झालें. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीं १८२० मध्यें अक्कलकोटकरांशीं करार करून त्यांना सातारच्या राजांच्या ताब्यांत ठेविलें. १८२८ मध्यें शहाजी हे अल्पवयी राजे गादीवर आले. सातारकरांनीं राज्याच्या व्यवस्थेविषयीं कांहीं बदल सुचवितांच बोरगांवचे शंकरराव सरदेशमुख यांच्या पुढारीपणाखालीं मुलुखांत उठाव झाला, आणि तो मोडण्यासाठीं सोलापुराहून फौज पाठवावी लागली. १८४८ मध्यें सातारचें राज्यच खालसा झालें. मालकाचें घर बुडालें आणि आश्रित मात्र वांचला. अक्कलकोट थेट इंग्रजांचें मांडलिक झालें. पूर्वीं घोडेस्वारांची पागा पाठविण्याचें जें बंधन होतें, तेंहि १८६८ मध्यें ती पागा मोडून पैशांत बदललें गेलें. वर्षाला १४,५९२ रुपये भरले कीं तें बंधन पुरें होई. ज्यांच्या पूर्वजानें त्रिचनापल्लीपर्यंत मजल मारली, त्यांची तरवार आतां खजिन्याच्या वहींत एका रकमेच्या रूपानें उरली.

त्याच सुमारास या राज्यांत एक निराळीच घटना घडत होती. १८५६-५७ च्या सुमारास एक वृद्ध संन्यासी अक्कलकोटांत येऊन राहिले. त्यांचें नांव, गांव आणि वय यांविषयीं लोकांत नाना कथा होत्या. त्यांना स्वतःला त्याची फिकीर नव्हती. चोळप्पा नांवाच्या एका गरीब गृहस्थाच्या घरीं त्यांचा मुक्काम असे. बैठक बहुधा वडाच्या झाडाखालीं. १८५७ मध्यें मालोजीराजे गादीवर आले. तेहि या सत्पुरुषाच्या भक्तांपैकीं एक होते असें परंपरा सांगते. १८६६ मध्यें गैरकारभाराच्या कारणावरून इंग्रजांनीं मालोजीराजांचे अधिकार काढून घेतले आणि १८७० मध्यें ते वारले. गादीवर पुनः अल्पवयी वारस आला आणि कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं गेला. वडाखालच्या संन्याशाचा अधिकार मात्र कोणाला काढून घेतां आला नाहीं. ३० एप्रिल १८७८ रोजीं स्वामी समर्थांनीं देह ठेविला तोंपर्यंत अक्कलकोटचें नांव कोंकणापासून वऱ्हाडापर्यंत घरोघर गेलें होतें. इतक्या वर्षांच्या राजवटीला जें साधलें नव्हतें तें एका निष्कांचन माणसाच्या वीस-बावीस वर्षांच्या वास्तव्यानें साधलें.

या राज्याचें खरें वैशिष्ट्य मात्र राजवाड्यांत नाहीं आणि मठांतहि नाहीं. तें बाजारांत ऐकूं येतें. राजघराणें मराठी, दप्तर मराठी. पण खेड्यांतील शेतकऱ्याच्या घरांतील बोली पुष्कळ ठिकाणीं कानडी. दुधनी, मैंदर्गी या गांवच्या पेठांत एकच माणूस भाव कानडींत करतो, हिशेब मराठींत मांडतो आणि तिसऱ्याशीं उर्दूंत बोलतो. ही सरमिसळ आजची नव्हे. सोलापुरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनीं बाराव्या शतकांत आपलीं वचनें कानडींत रचिलीं. उलट, याच भागांत सीना-भीमेच्या संगमावरील कुडल येथें शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, चा जो शिलालेख आहे, त्यांतील ओळ मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींपैकीं एक गणली जाते. दोन्ही भाषा या मातींत हजार वर्षें शेजारीं राहिल्या आहेत. वेल्समध्यें राज्यकर्त्यांची भाषा प्रजेच्या भाषेवर कायद्यानें लादली गेली. येथें दोघींनीं एकमेकींना शब्द उसने दिले आणि परत मागितले नाहींत.

१९४८ मध्यें दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर अक्कलकोटहि मुंबई राज्यांत विलीन झालें. राज्य संपलें तेव्हां फारशी खळखळ झाली नाहीं. खरी परीक्षा त्यानंतर आली. भाषावार प्रांतरचनेनंतर सीमेचा वाद उठला आणि १९६६ मध्यें नेमलेल्या महाजन आयोगानें १९६७ च्या अहवालांत अक्कलकोट कर्नाटकास, म्हणजे तेव्हांच्या म्हैसूर राज्यास, द्यावें अशी शिफारस केली. आयोगानें घरांतील बोली मोजली. पण ज्या घरांत आई कानडीं बोलते, मुलगा मराठी शाळेंत जातो आणि आजी वडाखालच्या स्वामींना दोन्ही भाषांत नवस बोलते, तें घर कोणत्या रकान्यांत लिहावें? बोलीचा आधार खोटा नव्हता. दोनशें वर्षांचें दप्तर, व्यापार आणि सोलापुराशीं असलेले लागेबांधे हेहि खोटे नव्हते. ती शिफारस अमलांत आली नाहीं आणि तालुका महाराष्ट्रांतच राहिला. सीमावादाचा मूळ प्रश्न मात्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढें आहे.

म्हणून अक्कलकोटास जाणाऱ्या पाहुण्यानें दर्शन झाल्यावर लगेच परतीची गाडी धरूं नये. वटवृक्षाचें देऊळ आणि समाधिमठ पाहावा, अन्नछत्रांत पंक्तीला बसावें. नंतर नव्या राजवाड्यांतील शस्त्रसंग्रह पाहावा. तेथें ओळीनें मांडलेल्या तरवारी, भाले आणि बंदुका पाहतांना पारदच्या त्या मातेची आठवण ठेवावी. कारण या राज्याचा पाया घातला गेला तो एकाहि शस्त्रानें नव्हे, तर हातांत मूल घेऊन विजेत्यापुढें उभें राहण्याच्या तिच्या धैर्यानें. वेळ उरल्यास बोरीच्या कांठानें एखाद्या खेड्यांत जावें आणि पारावर घटकाभर बसावें. वाक्य कानडींत सुरू होऊन मराठींत संपतांना ऐकूं येईल, आणि बोलणाऱ्याला त्यांत कांहींच नवल वाटत नाहीं हेंहि दिसेल.