ओपल झालेल्या लाकडातून मूळ वृक्षाची ओळख

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील व्हर्जिन व्हॅली येथे १९१७ साली २,५८५ कॅरट, म्हणजे अर्ध्या किलोहून किंचित अधिक वजनाचा काळा ओपल सापडला. ‘रोबलिंग ओपल’ या नावाने तो स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. या खोऱ्यातील अनेक ओपल गाडल्या गेलेल्या लाकडाच्या जागी तयार झाले आहेत. मग त्यावरून मूळ वृक्ष ओळखता येतो का? ओपल कसा तयार झाला, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते.

ओपल म्हणजे पाण्याचा अंश असलेली सिलिका. ज्वालामुखीच्या राखेतील काचेचे कण भूजलात सावकाश विरघळतात आणि हे सिलिकायुक्त पाणी राखेखालच्या लाकडात झिरपते. लाकूड कुजण्यापूर्वीच सिलिका पेशीभित्तिकांवर साचली व पेशींच्या पोकळ्या भरल्या, तर लाकडाची सूक्ष्म रचना दगडात टिकते. लाकूड आधीच नष्ट झाले असेल, तर त्याच्या आकाराची पोकळी उरते आणि ओपल त्या साच्यात भरतो. अशा नमुन्यात फांदीचा आकार, गाठी दिसतात. आत पेशी मात्र नसतात.

पेशी टिकलेल्या नमुन्याचे आडवे व दोन उभे असे तीन छेद घेतात. ते सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सूचिपर्णी वृक्षांत रुंद जलवाहिन्या नसतात. काहींत राळेच्या नलिका आढळतात. ओकमध्ये वलयाच्या आरंभी मोठी छिद्रे व रुंद किरण दिसतात. ताडवर्गात वार्षिक वलये नसून वाहकपूल विखुरलेले असतात. नागपूर-छिंदवाडा परिसरात दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळात सापडणारे सिलिकायुक्त ताडवर्गीय लाकूड याच खुणेवरून ओळखले जाते. त्यास ‘पाल्मोझायलॉन’ म्हणतात. ही तुलना आजच्या लाकडांशी केली जाते, तरी ओळख बहुधा प्रजातीपर्यंतच पोहोचते. नेमकी जाती क्वचितच सांगता येते.

कालांतराने ओपलचे रूपांतर कॅल्सेडनी व क्वार्ट्झमध्ये होते आणि त्यात पेशींचे बारकावे पुसट होऊ शकतात. नमुन्याचा रंगही फसवा असतो. तो लोहासारख्या अशुद्धींमुळे येतो, वृक्षामुळे नव्हे. म्हणून संग्राहकाने संपूर्ण तुकडा पैलू पाडण्यास देऊ नये. त्याचा एक भाग छेदांसाठी राखावा आणि तो कोणत्या ठिकाणी, कोणत्या थरात मिळाला याची नोंद ठेवावी. ही नोंद हरवली, तर नमुन्याचा काळ ठरविणेही अवघड होऊन बसते.