वानवळा

इतिहासकार परकोटाच्या आत शिरला की त्याची पावले आपोआप राजवाड्याकडे वळतात; घरामागच्या परसाकडे तो सहसा फिरकत नाही. चंद्रपूरचेच पाहा. गोंड राजांचा परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या त्याच्या चार वेशी, महाकालीचे देऊळ, राणी हिराईने बिरशहाच्या स्मरणार्थ उभारलेली समाधी, यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु या तटाचा घेर साडेपाच मैलांचा, आणि १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती अवघी १७,८०३. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहिले म्हणजे त्या काळच्या चांद्याचे एक निराळेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. इतका मोठा घेर आणि इतकी थोडी माणसे असली, म्हणजे घरामागे मोकळी जागा उरणारच.

त्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. पुण्यामुंबईच्या वाचकाला तेथल्या भाज्या ओळखीच्या वाटतील, नावे मात्र वाटणार नाहीत. न्हाणीच्या पाण्यावर धोपा वाढतो, तो त्यांचा अळू. सांबार म्हणजे कोथिंबीर, मुंगना म्हणजे शेवगा, आणि भेदरे म्हणजे टोमॅटो. मांडवावर दोडके आणि कारली, कुंपणावर वालाच्या शेंगा, कोपऱ्यात कोहळ्याचा वेल. मृगाचा पाऊस पडला की बिया टोचायच्या, चुलीची राख आणि गोठ्यातले शेण आळ्यात घालायचे, आणि दिवाळीपर्यंत बाजाराचे तोंड फारसे पाहावयाचे नाही, असा हा साधा कारभार.

पण या कारभाराला एक अडचण असते. वेल धरू लागला की एकदम धरतो. आज दोन दोडके, तर चार दिवसांनी टोपलीभर. एका घराला ते खाववत नाहीत, आणि टिकतही नाहीत. या अडचणीतूनच आपल्या समाजातली एक गोड चाल निघाली असावी. ती म्हणजे वानवळा. पहिले फळ देवापुढे, आणि नंतरचे शेजारीपाजारी. रिकामी झालेली टोपली तशीच परत पाठवू नये, तीत काहीतरी घालावे, हा तिचा दुसरा नियम.

वानवळा देणे सोपे आहे. खरी कसोटी तो घेणाराची असते. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, या एका प्रश्नावर आपल्या समाजाची सारी उतरंड रचलेली होती. हातची भाजी नाकारणे म्हणजे तो हातच नाकारणे. या कसोटीचा एक प्रसंग आमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, स्वातंत्र्यानंतर लवकरच घडला. माझ्या मते चंद्रपूरच्या इतिहासात त्याचे स्थान परकोटाच्या बरोबरीचे आहे.

मुरलीधर देविदास आमटे हे वरोऱ्याचे वकील आणि तेथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. लोक त्यांना बाबा म्हणत. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून गावाबाहेर पन्नास एकर जमीन मिळाली, ती सारी खडकाळ आणि झुडपी. तेथे ते गेले तेव्हा बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते. १९५१ च्या जूनमध्ये तेलंगणातील पदयात्रेहून परतणाऱ्या विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

पाण्यावाचून काहीच होणार नव्हते, म्हणून आधी विहीर खणणे आले. या रोगात हाताची संवेदना जाते. कुदळीच्या दांड्याने फोड आला, तो फुटला, तरी खणणाराला समजत नाही. जखम दुसऱ्याने पाहून सांगावी लागते. अशा हातांनी तो खडक फोडला, पाणी लागले, आणि त्या पाण्यावर भाजीपाला उभा राहिला. लवकरच तो खाऊन उरू लागला. दूधही उरू लागले.

आणि वरोऱ्याच्या लोकांनी ते घेतले नाही.

ज्या गावाने बाबांना उपाध्यक्षपदाचा मान दिला होता, त्याच गावाला त्यांच्या मळ्यातली भाजी चालेना. गावाला एकट्यालाच दोष देऊ नये. १८९८ च्या कायद्याने सरकारला असा अधिकार दिला होता, की ठरवून दिलेल्या क्षेत्रात कुष्ठरोग्याने खाण्यापिण्याचे पदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नये, सार्वजनिक वाहनात बसू नये. हा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले. उलट नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधून काढला होता, आणि १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोनसारखी औषधेही हाती आली होती. भाजीवाटे हा रोग पसरत नाही. पण शास्त्राला जे कळले होते, ते बाजारात पोचावयाचे होते.

ते पोचले व्याख्यानांनी नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने उद्ध्वस्त गावे श्रमदानाने उभारण्यासाठी सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था काढली होती. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर तो स्वतः तेथे कामाला आला होता. या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. रुग्णालयाच्या भिंती बांधीत ते काही महिने तेथेच राहिले, आणि रोग्यांच्या मळ्यातले अन्न त्यांच्यासोबत खात राहिले. वरोऱ्याचे लोक आधी पाहावयास आले, मग मदतीला, आणि शेवटी भाजी घ्यावयास. परदेशी पोरांनी खाल्ले तेव्हा आपल्याला चालू लागले, ही गोष्ट आपल्याला फारशी भूषणावह नाही. परंतु भाजी घरात गेली आणि भीती बाहेर पडली, हेही तितकेच खरे.

रिकामी टोपली परत पाठवू नये, हा नियम आनंदवनाने पाळला. १९६४ साली तेथे महाविद्यालय सुरू झाले, पुढच्याच वर्षी कृषिमहाविद्यालय. आणि ज्या घरांनी एकेकाळी वांगी नाकारली होती, त्या घरांतली मुले तेथे शिकावयास जाऊ लागली.

आज चंद्रपूर परकोटाबाहेर दूरवर पसरले आहे. कोळशाच्या खाणी आल्या, वीजकेंद्र आले, आणि सांदवाड्या घरांखाली गेल्या. तरी गच्चीवर, जुन्या डब्यांतून, भेदरे आणि सांबार लावणारी माणसे आहेत, आणि त्यांचे मला कौतुक वाटते. मात्र या दिवाळीत वेल उतरवताना त्यांनी एवढा विचार करावा: आपला वानवळा कोणकोणाच्या दारी जातो हे आपण मोजतोच, कोणाच्या दारचा आपण अजून घेतलेला नाही, हेही एकदा मोजून पाहावे.