हुगळीकाठची मजुरी

एकटा मजूर मालकाशी मजुरीचा भाव करू शकतो काय? कलकत्त्याजवळ हुगळीच्या दोन्ही तीरांवर उभ्या राहिलेल्या तागाच्या गिरण्यांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो. येथील मालकांनी आपला संघ १८८४ सालीच स्थापन केला होता. मजूर मात्र सरदाराच्या मर्जीवर जगे. नोकरी सरदारच देई आणि तिचे मोलही तोच उकळी.

कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात आपल्या नारायण मल्हार जोशींनी मांडला. १९२६ साली तसा कायदा झाला. पुढे तीनच वर्षांनी कसोटीचा प्रसंग आला. जुलै १९२९ मध्ये गिरण्यांचा आठवडा ५४ तासांवरून ६० तासांवर गेला. म्हणजे काम एक नवमांशाने वाढले, मजुरी मात्र त्या मानाने वाढेना. प्रभावती दासगुप्तांच्या नेतृत्वाखाली लाखो मजुरांनी काम थांबविले. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन वाढीव तासांच्या प्रमाणात मजुरी देण्याचे मान्य झाले.

परंतु हे माप दुधारी होते. मंदी आली, १९३१ साली आठवडा ४० तासांवर आला आणि त्याबरोबर मिळकतही घटली. १९३७ साली पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तासाचा दर मिळविणे ही अर्धी लढाई. महिन्याची मिळकत टिकविणे ही उरलेली अर्धी. ती एका संपाने संपत नाही. तिच्यासाठी संघ संपानंतरही जागा राहावा लागतो.