आत्याची ओवी आणि तबकडीवरचं कुत्रं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जिंतूरला माझ्या मामांकडे चावीचा ग्रामोफोन होता. सुटीत गेलो की तबकड्या पुसायचं काम माझ्याकडे. एका तबकडीवर भोंग्यापुढे बसलेलं कुत्रं, दुसरीवर ‘कोलंबिया’ हे नाव, तर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीवर ‘ओडियन’. मी एकदा विचारलं, ‘मामा, यातली चांगली कंपनी कोणती?’ मामा हसून म्हणाले, ‘अरे, पाट्या निराळ्या, दुकान एकच!’

या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. पुढे तबकड्यांचा कारखानाही तिथंच उभा राहिला. सुरुवातीला या धंद्यात बरेच स्पर्धक होते. पण जागतिक मंदीत तबकड्यांचा खप कोसळला आणि १९३१ मध्ये ग्रामोफोन कंपनी व कोलंबिया एकत्र येऊन ‘ईएमआय’ झाली. ओडियन त्याआधीच कोलंबियाच्या ताब्यात गेली होती. म्हणजे मामांच्या पेटीतल्या तिन्ही कंपन्यांचा मालक एकच! मुंबईत ‘यंग इंडिया’नं १९३५ च्या सुमारास देशी तबकड्या काढून टक्कर दिली, पण १९५० च्या दशकात तीही बंद पडली.

यानं संगीताचं काय झालं? या कंपनीनं थोर गायकांचे आवाज जपले, हे तिचं ऋण मान्यच करायला हवं. पण कुणाचं गाणं मुद्रित करायचं हे ठरवणारी माणसं मोजकी उरली. एकानं नाही म्हटलं, तर दुसरं दार कुठं होतं? साहजिकच नाट्यगीत, भावगीत, सिनेमाचं गाणं, म्हणजे हमखास खपेल तेच पुढे आलं. त्यातून दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. आपल्याकडचा रात्रभर रंगणारा गोंधळ तीत मावायचा कसा? गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंचे अभंग नामवंतांच्या गळ्यातून घरोघर पोचले, पण गंगाखेडच्या शिवारात पहाटे जात्यावर बसणारी बाई कंपनीच्या दारापर्यंत कधी पोचली नाही.

हे दार उघडलं ते कॅसेटनं. १९८० च्या दशकात कॅसेट भरणं इतकं स्वस्त झालं, की कुणीही कंपनी काढावी. गुलशनकुमार यांची ‘टी-सीरिज’ याच लाटेवर मोठी झाली. परभणीला तुराबुल हक साहेबांच्या उरुसात मी कॅसेटच्या दुकानांसमोर तासन् तास उभा राहत असे. एका बाजूला कव्वाली, दुसऱ्या बाजूला भीमगीतं, मधेच भारूड नाहीतर लोकगीतं! आवाज खरखरीत, नकली माल भरपूर, आणि कलावंताच्या हाती बहुधा एकरकमी थोडेसे पैसे. तरीही आपल्या बोलीतलं गाणं विकत मिळतं, हे मी प्रथमच पाहत होतो.

ते दिवस फार टिकले नाहीत. सीडी आली, मग मोबाईल आला, आणि छोट्या कंपन्या एकेक करून मिटल्या. जगाच्या बाजारातही पुन्हा तेच घडलं. १९९८ मध्ये पॉलिग्रॅम युनिव्हर्सलमध्ये विलीन झाली, २००४ मध्ये सोनी आणि बीएमजी यांनी आपला रेकॉर्डचा धंदा एकत्र केला आणि २०१२ मध्ये खुद्द ईएमआय युनिव्हर्सलच्या पोटात गेली. आता उरल्या युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्या. आपल्याकडचा ‘कुत्र्याचा’ जुना खजिना आज ‘सारेगामा’कडे आहे. कंपनी विकली जाते तेव्हा गाणीही तिच्याबरोबर जातात. जी खपतात ती पुन्हापुन्हा बाजारात येतात, बाकीची कपाटात पडून राहतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्या कायद्यानं साठ वर्षांनी संपतो. पण तोवर मूळ प्रतच उरली नसेल, तर तो हक्क संपून उपयोग काय?

आणि जे मुद्रितच झालं नाही त्याचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्याही ओव्या आहेत. हे काम कुठल्या कंपनीनं नाही, दोन अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

आता स्वतःची चूक सांगतो. माझ्या आत्याच्या ओव्या मी एका कॅसेटवर भरल्या होत्या. मागून जात्याची घरघर, मधेच कोंबड्याचं आरवणं, सगळं त्यात आलं होतं. दोन वर्षांनी घरात लग्न निघालं, कोरी कॅसेट मिळेना, म्हणून तिच्यावरच मी सिनेमाची गाणी भरून घेतली. आत्या गेली. ती गाणी आजही कुठंही ऐकायला मिळतात. आत्याची ओवी कुठंच नाही.

कंपन्यांनी आपला आवाज निवडला नाही, हे खरं. पण माझ्या घरात निवड करणारा मीच होतो, आणि मीही खपणारंच निवडलं. तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल, तर आजच उतरवा. तिची प्रत करून घ्या, आणि तिच्यावर गाणाऱ्या बाईचं नाव अन् गाव तेवढं लिहून ठेवा.