बटण बंद होतं

मे महिन्यात मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर चार ओळींची एक बातमी पुन्हा पुन्हा येते: कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून मृत्यू. गाव बदलतं, वय बदलतं, शेवटी ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ हे शब्द येतात. पोलिसांच्या कागदासाठी ते ठीक आहे. पण त्या मृत्यूमागे जे असतं त्यात अकस्मात काहीच नसतं.

खालचं घर मराठवाड्यातल्या केज गावातलं कुठलंही एक घर नाही. कूलरच्या अपघातांत जे वारंवार घडतं, ते एका घरात आणि एका दिवसात आणून मांडलं आहे. घर गावाच्या कडेला, नव्या वस्तीत. शेत खेड्यावर, मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाड केजला. आई, वडील, बारावी झालेला मुलगा, आठवीतली मुलगी.

सात वर्षं आधी

घराला महावितरणचं मीटर बसलं तेव्हा परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट अर्जाला जोडलेला होता. त्या वेळी घर दोन खोल्यांचं. अर्थिंगला खड्डा घ्यायचा तर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक, म्हणून हिरवी तार अंगणातल्या लोखंडी नळाला गुंडाळली. काही वर्षं ते निभावलं, कारण तो पाइप जमिनीतून लांबवर गेलेला होता. पुढे पाइप गंजला आणि त्याजागी प्लास्टिकचा आला. प्लंबरने तार पुन्हा तोटीला बांधून दिली. दिसायला सगळं पहिल्यासारखंच.

प्लास्टिकमधून वीज जमिनीत उतरत नाही. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक थ्री-पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक नावापुरतं राहिलं. त्याहून वाईट म्हणजे फ्रीज, मिक्सर, तोटी हे सगळं एकाच हिरव्या तारेने एकमेकांशी बांधलेलं होतं, आणि त्या तारेचं दुसरं टोक कुठेच पोचत नव्हतं.

दीड वर्ष आधी

तिसरी खोली काढली, वर पत्रे टाकले. काम करणारा वायरमन जाणकार होता. त्याने मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवला. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो का, एवढंच हे यंत्र पाहतं. ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतं.

दिवाळीनंतर इन्व्हर्टर आला. बसवणाऱ्याने इन्व्हर्टरचं आणि मेनचं न्यूट्रल एकत्र केलं, आणि आरसीसीबी सारखा पडू लागला. खरा दोष शोधायचा तर एकेक बोर्ड उघडून न्यूट्रल वेगळं करावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो. आरसीसीबीला वळसा घालून वायर डायरेक्ट करायला पाच मिनिटं पुरतात. वायर डायरेक्ट झाली. करणाऱ्यावर सगळा राग काढणं मला न्यायाचं वाटत नाही. “काहीही करा, पण लाईट सारखी जायला नको,” हे घरातूनच सांगितलेलं होतं. आपण वायरमनकडे लाईट मागतो, सुरक्षितता मागत नाही. मग तो आपल्याला मागितलेलीच वस्तू देतो.

त्याच कामात नव्या खोलीच्या बोर्डात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली. दिवा लागला, पंखा फिरला, कुणाला काही कळलं नाही. फक्त त्या बोर्डावरचं बटण आता फेजऐवजी न्यूट्रल तोडत होतं. बटण बंद केलं की यंत्र थांबायचं, पण फेज यंत्रापर्यंत तशीच उभी राहायची.

तीन आठवडे आधी

पत्र्याचा कूलर माळ्यावरून खाली आला. वाळ्याच्या ताट्या बदलल्या, आतला पंप मात्र गेल्या वर्षीचाच ठेवला. थ्री-पिन टॉप फुटलेला होता. दुकानात टू-पिनचा मिळाला, तो लावला, आणि हिरवी वायर कापून काळी पट्टी गुंडाळून आत सारली.

सकाळी ६:३०. अकरा तास उरले

मुलगी फरशी पुसत होती. ओला हात कूलरच्या पायाला लागला आणि ती दचकून मागे सरली. “आई, कूलरला करंट येतोय.”

“चप्पल घालून पूस.”

पंपाच्या मोटारीचं वेष्टण झिजून पाणी वायंडिंगपर्यंत पोचलं होतं. पंप पाण्यात, पाणी पत्र्याच्या टाकीत, टाकी लोखंडी स्टँडवर. आता सगळा कूलरच एक उघडी वायर झाला होता. चप्पल किंवा पायाखालची कोरडी फरशी यांच्यामुळे शॉक झिणझिण्यांवर थांबत होता. झिणझिण्या ही थोडी वीज आहे असं आपण समजतो. वीज तेवढीच असते, फक्त तिला जमिनीत जायला पुरती वाट सापडलेली नसते.

सकाळी ९:१५. सव्वाआठ तास उरले

मुलाने ओळखीच्या वायरमनला फोन लावला. “भाऊ, आमचा कूलर बघायला येता का? जरा बिघडलाय.”

“आज न्हाई जमायचं. बोअरची मोटार वर काढलीय. उद्या सकाळी येतो.”

तो खोटं बोलत नव्हता. मे महिन्यात केजच्या चांगल्या वायरमनला दिवस पुरत नाही. बोअर, रिवाइंडिंग, लग्नाचे मांडव, शिवाय खेड्यांवरच्या मोटारी, तिथे शेतीची लाईट पाळीने येते आणि तेवढ्या वेळातच दुरुस्ती उरकावी लागते. घरातलं किरकोळ काम मागे पडतं. मुलगा “कूलरच्या पत्र्याला करंट येतोय, हात लावला की लागतो” असं म्हणाला असता, तर जाणत्या वायरमनने निदान फोनवरच सांगितलं असतं: प्लग उपटून ठेवा, मी येईपर्यंत लावू नका.

वायरमन नेमायचा तो उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीत, हातात काम कमी असताना. माणूस पारखायच्या काही खुणा आहेत. त्याने आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा कोर्स केला आहे का, राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारायला संकोच नको. पण माझा जास्त भरवसा दुसऱ्या एका खुणेवर आहे. घरात आल्यावर “तुमची अर्थिंग कुठं आहे?” हा प्रश्न जो आपणहून विचारतो आणि ती जागा बघायला अंगणात जातो, त्याला धरून ठेवावं. पडणारा आरसीसीबी बघून जो “काढून टाकू का?” म्हणतो, त्याच्याकडून माळा लावून घ्या, बोर्ड उघडायला देऊ नका.

सकाळी ११:३०. सहा तास उरले

गल्लीतल्या खांबावर महावितरणचा लाइनमन चढला होता. मुलाने त्याला विचारलं. उत्तर नियमाला धरून होतं: मीटरपर्यंतचं आमचं, मीटरच्या पुढचं तुमचं.

दुपारी २:००. साडेतीन तास उरले

पत्रे तापले, खोलीत बसवेना. मुलाने टेस्टर आणून कूलरला लावला. दिवा लख्ख पेटला. त्याने शेतावर वडिलांना फोन केला.

“चालू असताना हात लावू नका,” वडील म्हणाले. “बटण बंद करून मगच पाणी भरा.”

या सल्ल्यात चूक शोधणं अवघड आहे. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत हाच नियम आहे, आणि बटण फेजवर असेल तर तो बहुतेक वेळा निभावतो. बटण बंद केल्यावर टेस्टर परत एकदा लावून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. लावला असता तर दिवा पेटलेलाच दिसला असता.

हे कुणालाही घरी बघता येतं. थ्री-पिन सॉकेटसमोर उभं राहिलं की फेज उजव्या भोकात हवी. बटण चालू असताना टेस्टर उजवीकडे पेटावा, डावीकडे पेटू नये. बटण बंद केलं की कुठेच पेटू नये. बंद बटणावरही पेटला, तर त्या बोर्डाचं बटण न्यूट्रलवर आहे. टू-पिन टॉप असेल तर कूलरवरच्या बटणाचाही भरवसा नाही, कारण तो उलटासुलटा कसाही बसतो. म्हणून कूलरचा प्लग उपटूनच पाणी भरायचं, दुसरा मार्ग नाही.

दुपारी ४:१५. सव्वा तास उरला

टँकर आला. अंगणात घागरी, बादल्या, पाइप. ओल्या पायांनी सगळ्यांची ये-जा सुरू झाली. चपला दाराबाहेर राहिल्या. दुपारी कोरडी असलेली फरशी आता भिजली होती.

संध्याकाळी ५:३०

आईने बोर्डावरचं कूलरचं बटण बंद केलं. पंखा थांबला. स्टीलची बादली दोन्ही हातांनी उचलून तिने कूलरच्या कडेला टेकवली.

ओल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरतात. घरातली वीज २३० व्होल्टची. म्हणजे शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर करंट जातो. सेकंदभर याच्या चौथ्या हिश्शाएवढा करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. बोर्डातल्या एमसीबीवर लिहिलेलं असतं १६ अँपिअर. त्याच्या जवळपास सत्तराव्या हिश्शाची त्याला दखल घ्यायचं कारण नाही. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला तरी साधारण एवढाच करंट जातो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी असतो, आणि तो या घरात भिंतीवर होता, पण वायर त्याच्या बाजूने निघून गेली होती.

पकड सुटत नाही. स्नायू आवळतात, ओरडताही येत नाही. बाहेरच्या खोलीत बादली आपटल्याचा आवाज गेला, बस.

५:३१

मुलगा धावला. हातात हात घालून ओढायला जाणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि याच स्वभावाने घरंच्या घरं गेली आहेत. जून २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, दापोडी गावी, कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली होती. एकाला वाचवायला दुसरं गेलं, आणि आई, वडील, मुलगा असे तिघे गेले.

इथे शेजारची बाई दारातून ओरडली, “हात लावू नको! मेन पाड!” मुलाने मेन स्विच खाली ओढला. तो वाचला तो त्या ओरडण्यामुळे. मेन कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आठवीतल्या मुलीलासुद्धा, अंधारात सापडेल इतकं ठाऊक हवं.

५:३३

१०८ ला फोन झाला. माणसं जमली. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तळपाय चोळले. श्वास नाही आणि हालचाल नाही, तर उपयोगाची गोष्ट एकच होती: छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत, न थांबता. रक्त पोचलं नाही तर मेंदूला चार-सहा मिनिटांतच इजा सुरू होते. गल्लीत हे शिकलेलं कुणी नव्हतं. माझ्या मते केजच्या प्रत्येक शाळेत नववीच्या वर्गाला हे एका तासात शिकवता येईल.

६:१०

रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलं. वडील शेतावरून निघालेले होते. बाहेर बाकावर मुलगा येईल त्याला एकच सांगत होता: बटण बंद होतं, मी स्वतः पाहिलं, बटण बंद होतं.

नंतर

विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात. वीज कायदा २००३ च्या १६१ व्या कलमात त्याची तरतूद आहे. अशा घरात त्यांना काय सापडतं ते वर आलंच आहे: प्लास्टिकच्या पाइपवर संपलेली अर्थिंग, वळसा घातलेला आरसीसीबी, न्यूट्रलवरचं बटण, गळका पंप. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दिवशी केलेल्या किंवा राहू दिलेल्या गोष्टी. यातला आरसीसीबी, बटण किंवा पंप, एखादं जरी धड असतं, तरी त्या संध्याकाळी ती बाई वाचण्याची शक्यता होती. आरसीसीबी धड असता तर आईच्या शरीरातून करंट जमिनीत उतरताक्षणीच घराची लाईट गेली असती.

अर्थिंगचा खड्डा खडकामुळे खोल जात नसेल, तर तो जिथे माती आहे तिथे, घरापासून थोडा दूर घेता येतो: जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. आपल्याकडची काळी माती मेमध्ये भेगाळून पाइपपासून सुटते, तेव्हा त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं लागतं. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. लाईट गेली नाही, तर यंत्र मेलेलं आहे किंवा कुणीतरी डायरेक्ट केलेलं आहे. बोर्ड, अर्थिंग, पंप आणि आरसीसीबी, चारही गोष्टी तपासायला वायरमनला टेस्टर, टेस्ट लॅम्प, मेगर (वेष्टण तपासायचं यंत्र) आणि साधारण तासभर वेळ लागतो.